नुसतं सिरप

डॉ. हसिना तांबोळीचं स्वतःचं हॉस्पिटल नव्हतं. तळेगावपासून लोणावळ्यापर्यंत जुन्या हायवेच्या दोन्ही अंगांना जी लहानमोठी हॉस्पिटलं आहेत, त्यांतल्या दहाबारा ठिकाणी ती भूल द्यायला जायची. वडगावातल्या घरून सकाळी सातला निघायचं, गाडीच्या डिकीत आपली बॅग टाकायची आणि फोन येईल तसं फिरायचं, असं बावीस वर्षं चाललं होतं. पेशंटचे नातेवाईक सर्जनच्या पाया पडायचे, पेढे द्यायचे. भूल देणारी बाई तोवर पुढच्या गावाला पोचलेली असायची. हसिनाला त्याचं वाईट वाटायचं नाही. झोपवलेला माणूस उठून आपल्या नावाला ओ देतोय एवढं बघितलं, की तिचं समाधान व्हायचं.

श्रावणातल्या एका शनिवारी कामशेतच्या एका हॉस्पिटलात तिला दोन केसेस होत्या. पहिली पाच वर्षांच्या मुलाची, दुसरी एका बाईच्या पित्ताशयाची. मुलाचं हायड्रोसिल आहे, वीस मिनिटांचं काम आहे, असं सर्जन डॉ. म्हाळसकरांनी आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं. मुलाच्या डोक्यात नळी आहे हे त्यांनी सांगितलं नव्हतं. मुद्दाम लपवलं असंही नाही. डोक्यातल्या नळीचा जांघेतल्या सुजेशी संबंध असेल, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

मुलाचं नाव सत्यम घारे. गाव बेडसे. वॉर्डात गेल्यावर हसिनाला पहिल्यांदा दिसलं ते त्याचं डोकं. फार मोठं नव्हतं, पण कपाळ पुढं आलेलं होतं आणि केसांतून उजव्या कानामागं जुन्या टाक्यांची पांढरी रेघ गेली होती. आई सारिका त्याला मांडीवर घेऊन बसली होती. वडील संदेश आंबीच्या एका कारखान्यात कामाला होते. ते खिडकीशी उभे होते. आजोबा अंबाजी बाहेरच्या बाकावर टोपी काढून बसले होते. रात्रीपासून उपाशी ठेवलेलं पोर एव्हाना रडून गोंधळ घालत असतं. हे पोर आईच्या खांद्यावर मान टाकून गप्प होतं.

हसिनानं पहिल्यापासून सगळं विचारून घेतलं. आपल्या सगळ्यांच्याच मेंदूत पाणी तयार होत असतं आणि आपोआप जिरून जातं. सत्यमच्या डोक्यातली त्या पाण्याची वाट जन्मापासून बंद होती. चार महिन्यांचा असताना पुण्याच्या डॉक्टरांनी बारीक नळी बसवली. कानामागून, मानेतून, छातीवरच्या कातडीखालून ती पोटात उतरवलेली. त्यानंतर पोर चांगलं वाढलं. उशिरा चाललं, उशिरा बोललं, पण अंगणवाडीत जाऊन गाणी म्हणायला लागलं. पोटात उतरणारं पाणी खाली झिरपून गेल्या वर्षी सूज आली, आणि ती काढायला आज आणलेलं.

"आता बरीच उतरलीय मॅडम," सारिका म्हणाली. "लिंबाएवढी हुती. आठ दिसांत निम्मी झाली. आबा म्हनत्यात, देवानंच उतरवली."

हसिनानं सूज बघितली. खरंच उतरली होती. तिनं मुलाच्या कानामागं बोट नेलं. तिथं कातडीखाली नळीची झडप असते. ती हलकेच दाबली की दबते, सोडली की भरून येते. सत्यमची झडप दबतच नव्हती; गारगोटीवर बोट ठेवावं तशी लागत होती.

मग तिनं आणखी विचारलं. उलट्या होतात का? सारिका म्हणाली, सकाळी उठल्यावर होते एखादी, पण दिवसभर न्हाई. झोप? "लय झोपतो आताशा. मला वाटलं, पावसाळी हवा हाय." हसिनानं हातातलं पेन त्याच्या डोळ्यांसमोर धरून वर नेलं. मुलानं बघायचा प्रयत्न केला, भुवया उचलल्या, पण बुबुळं वर जाईनात. केसपेपरवर रुपाली सिस्टरनी नाडी लिहिली होती, चौसष्ट. हसिनानं मनगट धरून स्वतः पूर्ण मिनिट मोजली. तेवढीच भरली. पाच वर्षांच्या उपाशी, घाबरलेल्या पोराची नाडी शंभराच्या आसपास असायला हवी.

पाणी पोटात पोचत नव्हतं. म्हणून खालची सूज उतरत होती, आणि ते सगळं वर डोक्यात साचत होतं.

ती डॉ. म्हाळसकरांना बाजूला घेऊन बोलली. आपण याला भूल द्यायची नाही, असं तिनं सरळ सांगितलं. भूल दिली की श्वास मंदावतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो, त्यानं मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुगतात. भुलेचे काही वायूही त्या फुगवतात. कवटी तर हाडाची, ती काही ताणत नाही. धड नळी असलेल्या पोराला हे सोसतं, जादा पाणी खाली उतरून जागा होते. याची नळी तुंबलीय. याच्या डोक्यात आणखी चमचाभरालाही जागा नाही.

म्हाळसकर भले गृहस्थ होते, पण त्या दिवशी त्यांची यादी मोठी होती. झडप दाबून काही सिद्ध होत नाही, असं ते म्हणाले. पोर उपाशी आहे म्हणून मलूल असेल. माणसं तिसऱ्यांदा रजा टाकून आलीत. मागच्या दोन वेळा सर्दीखोकला म्हणून आपणच परत पाठवलंय. हसिना हटली नाही. शेवटी त्यांनी खांदे उडवले आणि म्हणाले, मग तुम्हीच सांगा त्यांना.

तिनं सांगितलं. सारिका ऐकत राहिली. संदेशचा चेहरा आधी नुसता कोरा झाला आणि मग लाल झाला.

"मंजे आमी परत जायाचं," तो म्हणाला. "जो डॉक्टर भेटतो तो दुसऱ्याकडं बोट दाखवतो. करायचं न्हवतं तर पोराला रातीपासनं उपाशी कशाला मारलं?"

"परत घरी जायचं नाही," हसिना म्हणाली. "पुण्याला जायचं. आजच. जिथं नळी बसवली तिथंच."

तो पुढं बरंच बोलला. वॉर्डातली माणसं ऐकत होती. भूल द्यायची धमक नसेल तर कशाला येतात, असंही त्याच्या तोंडून गेलं. हसिनाला ते लागलं. आपण या पोरासाठीच भांडतोय आणि बोलणी आपल्यालाच, असं वाटून ती गप्प झाली. तिकडं ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, पित्ताशयाची बाई टेबलावर घेतली होती, सिस्टर दोनदा बोलवायला येऊन गेली. हसिनानं केसपेपरवर उभ्याउभ्याच तीन ओळी लिहिल्या. नळी बंद पडल्याची दाट शंका. आजच मेंदूच्या सर्जनना दाखवावं. भूल देऊ नये. सही केली आणि कागद सारिकाच्या हातात दिला.

म्हाळसकर हात धुवायला जाताजाता संदेशला म्हणाले, "जाता जाता तळेगावात डोक्याचा स्कॅन करून घ्या. मी फोन करून ठेवतो. रिपोर्ट हातात असला म्हणजे पुण्यात वेळ जाणार नाही."

हे हसिनानं ऐकलं. तिला ते पटलंही. तिनं मान डोलावली आणि ओटीचं दार ढकलून ती आत गेली.

पित्ताशयाचं ऑपरेशन साडेदहापर्यंत चाललं. तिथून तिला लोणावळ्याला सिझेरियनसाठी जायचं होतं. शनिवारच्या पर्यटकांनी कार्ला फाट्यापासूनच रस्ता धरला होता. गाड्यांच्या रांगेत ती पोराचाच विचार करत होती, पण चिंता अशी नव्हती. आपण वेळेवर ओळखलं, आता ते पुण्याला पोचतील, नळी बदलतील, असंच तिच्या मनात होतं. संदेशचं बोलणं मात्र मधूनमधून आठवत होतं आणि प्रत्येक वेळी ती त्याला मनातल्या मनात उत्तर देत होती.

सिझेरियन सुरळीत झालं. एक वाजायच्या सुमारास ती हातमोजे काढत होती तेव्हा म्हाळसकरांचा फोन आला. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

तळेगावच्या स्कॅन सेंटरमधून त्यांना फोन आला होता. तिथं नंबर लागायलाच बारा वाजले होते. पोर मशिनवर स्थिर राहीना, म्हणून त्याला गुंगीचं औषध पाजलं. मग चित्रं स्वच्छ आली. आता पोर उठत नाही. श्वास घेतंय, पण घोरतंय.

फोन मानेशी दाबून हसिना एका हातानं चपला शोधत होती आणि दुसऱ्या हातानं संदेशचा नंबर लिहून घेत होती. गाडीत बसायच्या आधीच तिनं फोन लावला. संदेश काही सांगायला लागला, तर तिनं त्याला मधेच तोडलं आणि फोन सारिकाच्या कानाला लावायला सांगितलं.

"ताई, मी सकाळची डॉक्टर. त्याला उताणा ठेवा, डोक्याकडची बाजू वर करा. मान सरळ. आता तुमची बोटं त्याच्या जबड्याच्या हाडाखाली घाला आणि हनुवटी वर उचला. उचललीत? घोरणं थांबलं?"

थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग सारिका म्हणाली, "थांबलं."

"तशीच धरून ठेवा. मी येईपर्यंत सोडू नका. हात भरून आला तरी सोडू नका."

ऑक्सिजनचा मास्क लावायला तिनं तिथल्या माणसाला सांगितलं, अँब्युलन्स बोलवायला सांगितलं आणि फोन चालूच ठेवून गाडी काढली. वर येणारी बाजू गाड्यांनी तुंबलेली होती. तिची बाजू मोकळी होती. वळवण गेलं, कामशेत गेलं, कान्हे फाटा गेला. फोनमधून मुलाच्या श्वासाचा बारीक आवाज येत होता. तो लांबला की ती ओरडून विचारायची, घेतोय का? सारिका म्हणायची, "घेतोय." आणखी थोड्या वेळानं न विचारताच म्हणायची, "घेतोय." पस्तीस मिनिटांत ती तळेगावात पोचली.

सेंटरच्या आतल्या खोलीत स्ट्रेचरच्या डोक्याशी सारिका उभी होती. दोन्ही हातांची बोटं पोराच्या जबड्याखाली अडकवून ती वाकली होती, आणि तिचे दंड थरथरत होते. हसिना तिचे हात बाजूला घ्यायला गेली तर ते सुटेनात. एकेक बोट सोडवावं लागलं.

तिथला टेक्निशियन दत्तोबा चाळिशीतला, सरळ माणूस होता. त्याच्या हातात सकाळचा तो कागद होता.

"मॅडम, भूल दिली नाही हो," तो म्हणाला. "तुम्ही लिहिलेलं वाचलं मी. भूल नाहीच दिली. नुसतं सिरप दिलं. सगळ्याच पोरांना देतो. पहिला डोस त्यानं ओकून टाकला, म्हणून परत दिला."

हसिनानं मुलाचं मनगट धरलं. बोलायला वेळ नव्हता. मुलाची नाडी बावन्न होती. उजव्या डोळ्याची बाहुली डावीपेक्षा मोठी झाली होती. स्क्रीनवर स्कॅनचं चित्र तसंच उघडं होतं. मेंदूच्या मधल्या पोकळ्या पाण्यानं फुगून मेंदू कडेला चेपला गेला होता. तिनं बॅग उघडली. घशातून श्वासनलिकेत नळी घालताना पोराला झटका बसला, ते खोकलं, तर आतला दाब आणखी उसळतो. म्हणून आधी मोजकं औषध शिरेतून देऊन, नीट थांबून, एकाच प्रयत्नात तिनं नळी घातली. डोक्यातली सूज ओढून घेणाऱ्या औषधाची बाटली शेजारच्या हॉस्पिटलातून आली, ती लावली. पुण्याच्या हॉस्पिटलला फोन केला. मग नळीला हाताने दाबायचा फुगा जोडला आणि ती पोराचा श्वास आपल्या हातानं घ्यायला लागली.

अँब्युलन्समध्ये ती डोक्याकडे गुडघ्यांवर बसली. फुगा दाबायचा, सोडायचा. फार सावकाश दाबला तर कार्बन डायऑक्साइड साठतो आणि दाब वाढतो. घाईनं दाबला तर रक्तवाहिन्या इतक्या आकसतात की मेंदूला रक्तच कमी पडतं. यांच्या मधला वेग धरून ठेवायचा होता, आणि रस्त्याला सोमाटण्याच्या टोलनाक्यावर गाड्या उभ्या होत्या. पुढच्या सीटवर संदेश खिडकीतून कंबरेपर्यंत बाहेर निघून हात जोडून वाट मागत होता. सकाळचा त्याचा आवाज आणि हा आवाज एकाच माणसाचा वाटत नव्हता.

सारिका पोराचे पाय धरून बसली होती. देहूरोडच्या पुढं गेल्यावर तिनं विचारलं, "झोपलाय का बेसुद हाय?"

"आत्ता मला सांगता यायचं नाही," हसिना म्हणाली.

सारिका खाली बघत म्हणाली, "त्यांनी इचारलं मला, झोपेचं देऊ का म्हनून. मी व्हय म्हनले. लय रडत हुता वो. मला बघवंना."

"तुमची चूक नाही," हसिना म्हणाली. मग कोणाची, हे तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. ते तिच्या ओठांवर आलं होतं. पण तिनं फुग्यावरची बोटं बदलली आणि मॉनिटरकडे बघत राहिली.

भूल देऊ नये, असं तिनं लिहिलं होतं. तिच्या लेखी त्या शब्दात सगळं आलं होतं: वायू, इंजेक्शन, गुंगी, झोपेचं चमचाभर औषधसुद्धा. तिला माहीत होतं की पाच वर्षांचं पोर स्कॅनच्या टेबलावर जागं पडून राहत नाही. स्कॅनला गेलं की त्याला काहीतरी पाजतात हेही माहीत होतं. ऑपरेशनच्या टेबलावर निदान श्वास बघायला कोणी बसलेलं असतं. तिथं तेही नसतं. दार ढकलायच्या आधी एक वाक्य पुरलं असतं: ताई, याला झोपेचं काही देऊ देऊ नका. ते सुचलं नाही, कारण सिस्टर बोलवत होती. आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त, कारण संदेशच्या बोलण्यानं तिचा अपमान झाला होता आणि तिला त्या माणसांसमोरून लवकर निघायचं होतं.

पुण्यात दारातच डॉक्टर थांबले होते. मेंदूच्या तरुण सर्जननं पोराला ओटीत नेण्याआधी तिथंच कानामागची जागा साफ केली आणि झडपेत बारीक सुई घातली. सुईतून पाणी वर उसळलं. त्यानं मोजून थोडं थोडं काढलं. हसिना मॉनिटरकडे बघत होती. बावन्नची साठ झाली, साठची अठ्ठ्याहत्तर, मग नव्वद. उजव्या डोळ्याची बाहुली हळूहळू लहान व्हायला लागली. कोणीतरी तिच्या हातातून फुगा काढून घेतला, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपला अंगठा वळत नाही.

तिथल्या भूलतज्ज्ञाला तिनं सगळं सांगितलं. किती सिरप, किती वाजता, ओकलेला डोस किती असावा, आपण काय काय दिलं. त्यानं ऐकून घेतलं, विचारायचं ते विचारलं आणि पोराला आत नेलं. नळीचं पोटातलं टोक मांसानं लपेटून बंद झालं होतं. दोन तासांत त्यांनी ते बदललं. तेवढा वेळ हसिना बाहेर बाकावर बसून होती. सारिका तिच्या शेजारी बसली. संदेश पलीकडच्या भिंतीशी उभा राहिला. तो इकडं आला नाही.

संध्याकाळी म्हाळसकरांचा फोन आला. मी पाठवलं स्कॅनला, असं ते म्हणाले. हसिना म्हणाली, मी ऐकलं होतं. 

सत्यम चौथ्या दिवशी डोळे उघडून आईकडे वळला, आणि अकराव्या दिवशी घरी गेला. पण सगळा परत आला नाही. डाव्या डोळ्यानं त्याला दिसेनासं झालं होतं, उजव्यानं जवळचं तेवढं दिसायचं. चालताना तोल जायचा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की आधीचे पंधरावीस दिवस दाब वाढतच होता, डोळ्याची नस तेव्हापासूनच दबत आली असणार. त्यातलं किती आधीचं आणि किती त्या एका तासातलं, ते कोणी सांगू शकत नाही. हसिनानं फोनवर हे ऐकलं. पुन्हा दुसऱ्या एका डॉक्टरला विचारलं. त्यानंही तेच सांगितलं. तिला वाटलं होतं, निदान एक आकडा कळेल; मग तो कितीही वाईट असो.

त्या दिवसांत तिचं कामावर लक्ष नव्हतं असं कोणी म्हणालं नसतं. ती नेहमीच्या वेळेला निघायची, नेहमीसारखी भूल द्यायची. फक्त पेशंट शुद्धीवर आला तरी ती निघायची नाही; वॉर्डात जाऊन परत बघायची, परत नाव विचारायची. घरी नवरा वाहिद म्हणाला, तू वाचवलंस त्या पोराला, हे कुणीही सांगेल. तिनं त्याला सांगितलं की तू हे परत म्हणू नकोस.

एका दुपारी ती तळेगावच्या त्या सेंटरवर गेली. दत्तोबा तिला बघून उठून उभा राहिला. तिनं त्याला बसवलं आणि तासभर समजावलं: डोक्यात नळी असलेलं, उलट्या करणारं, पेंगणारं पोर आलं तर सिरप द्यायचं नाही, भूलतज्ज्ञाला बोलवायचं, कोणी नसेल तर स्कॅन न करता पुण्याला पाठवायचं. त्यानं ते वहीत लिहून घेतलं. मग पेन बंद करत म्हणाला, "मॅडम, मी कागद दोनदा वाचला होता त्या दिवशी." त्याची रोज झोपमोड होतेय, हे त्याच्या डोळ्यांवरून कळत होतं. तिनं त्याला सांगितलं की कागद अपुरा होता, वाचणारा नाही.

हे दत्तोबाला सांगता आलं, तेव्हा बेडशाला जायचं टाळता येणार नाही हे तिला कळलं. आणखी चार दिवस तिनं घालवले. मग एका गुरुवारी दुपारची केस रद्द झाली आणि ती गेली.

भातखाचरं पोटरीला आली होती. घाऱ्यांचं घर रस्त्यापासून आत, एका बोळाच्या शेवटाला होतं. अंबाजी ओट्यावर बसले होते आणि सत्यम त्यांच्या गुडघ्याला धरून उभा होता. त्यानं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं आणि ती अगदी जवळ गेली तेव्हा मान तिरकी करून उजव्या डोळ्यानं तिला बघितलं. अंबाजींनी सारिकाला हाक मारली.

हसिना ओट्यावर बसली आणि तिनं आडवळण न घेता सांगितलं. मी कागदावर भूल देऊ नये एवढंच लिहिलं. झोपेचं औषधही देऊ नये हे मला माहीत होतं. स्कॅनला जाताय हेही मी ऐकलं होतं. ते मी तुम्हाला तोंडी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

सारिका दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"म्हंजे मी व्हय म्हनले ते..."

"तुम्हाला कळायचं काही कारण नव्हतं. मला होतं."

सारिका खाली बसली. ती रडली नाही. म्हणाली, "महिनाभर मी ह्यांच्याशी नीट बोलले न्हाई. मला वाटायचं, ह्यांना समदं म्हाईत हाय आन् मनात धरून बसल्यात. रोज वाटायचं, आज म्हनतील, तूच पाजलंस." मग हसिनाकडे बघून ती म्हणाली, "तुमी हे तवाच गाडीत सांगायचं हुतं मॅडम."

"हो," हसिना म्हणाली.

अंबाजी इतका वेळ ऐकत होते. त्यांनी नातवाला उचलून आपल्या मांडीवर घेतलं.

तेवढ्यात मोटारसायकल वाजली. संदेशची पहिली पाळी सुटली होती. अंगणात परकी गाडी बघून तो थबकला, मग मोटारसायकल गाडीच्या मागंच लावून आला. सारिकानं त्याला थोडक्यात सांगितलं. हसिना उठून उभी राहिली. कामशेतच्या वॉर्डात तो जे बोलला होता, त्याच्या दसपट बोलला असता तरी ती ऐकून घेणार होती.

त्यानं डबा ओट्यावर ठेवला.

"एक सांगा," तो म्हणाला. "सकाळी तुमी नको म्हनला नसता, आन् त्यांनी आपरेशन केलं असतं, तर काय झालं असतं?"

"टेबलावरच गेला असता बहुतेक."

"आन् सिरप दिलं नसतं तर?"

"डोळा वाचला असता का, ते मला माहीत नाही. मी दोघांना विचारलं. त्यांनाही माहीत नाही. पण ती बेशुद्धी आली नसती, हे नक्की."

त्यानं मान हलवली. तो पोराकडे बघत राहिला. पोर आजोबांच्या सदऱ्याचं बटण डोळ्याशी नेऊन बघत होतं. "ती खालची सूज परत आलीय," संदेश म्हणाला. "पुन्यातलं डॉक्टर म्हनले, मंजे नळी चालू हाय. सहा म्हयन्यांनी काढू. तवा भूल लागंल."

हसिना म्हणाली की तिथले भूलतज्ज्ञ चांगले आहेत, ते नीट देतील.

"ते देतील," संदेश म्हणाला. "तुमी नुसतं हजर ऱ्हावा. काय इचारायचं, काय सांगायचं, ते आमाला कळत न्हाई."

तिला नाही म्हणावंसं वाटलं. त्या ओटीच्या बाहेर त्याच बाकावर पुन्हा बसायचं होतं. तिनं येईन म्हणून सांगितलं आणि सारिकाला आपला नंबर लिहून दिला.

बोळ अरुंद होता, गाडी उलटीच काढावी लागणार होती. संदेशनं मोटारसायकल बाजूला घेतली आणि तो मागं जाऊन उभा राहिला. एका बाजूला गटार, एका बाजूला शेजाऱ्याचा कुडाचा गोठा. तो हातानं खुणा करत मागं मागं चालत होता. "येऊ द्या," तो म्हणत होता, "येऊ द्या. थांबा. उजवीकडं घ्या थोडी. आता येऊ द्या."

हसिना आरशात त्याचा हात बघत, एक पाय ब्रेकवर ठेवून, गाडी इंचाइंचानं मागं घेत राहिली.